दोन कुकर, दोन झाकणं

एकट्या-दुकट्याचा रोजचा स्वयंपाक ओट्यावरच्या विजेच्या एकाच भांड्यात उरकायचा म्हटलं, की शेवटी दोनच पर्याय उरतात. एक खटक्याचा साधा राइस कुकर, दुसरा बटणांनी भरलेला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. मी दोन्ही वापरलेत. प्रेशरवाला आधी, जवळजवळ दीड वर्ष. मग साधा आला, तो आजही ओट्यावर आहे आणि प्रेशरवाला वरच्या फळीवर. माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण तुमच्या घरी काय शिजतं त्यावर उलट निर्णयही तितकाच बरोबर ठरू शकेल.

प्रेशरवाल्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. कडधान्यं ही त्याची जागा. उघड्या भांड्यातलं पाणी कितीही वेळ उकळा, १०० अंशांच्या वर जात नाही. उंचावर राहत असाल तर तेवढंही नाही, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश खाली. दाबाखाली तेच पाणी ११५-११८ अंशांपर्यंत चढतं. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण रात्रभर भिजवलेले हरभरे साध्या कुकरात तासभर उकळूनही दाताखाली कचवट लागले होते, आणि प्रेशरमध्ये गेले की बोटाने चेपतात. एक मात्र ध्यानात ठेवा. शेगडीवरचा प्रेशर कुकर १२१ अंशांपर्यंत जातो, विजेचे बहुतेक त्याच्या थोडे खाली राहतात. शेगडीची सवयीची वेळ जशीच्या तशी लावलीत तर कमी पडते, थोडी वाढवून लावा.

दुसरी गोष्ट, तो लावून निघून जाता येतं. यात खोट नाही.

आता माझं दुखणं. ते झाकण.

मी चमचा घालून बघणारा माणूस आहे. शिजताना दोनदा तरी झाकण उचलून बघायचं, एक फोड दाबून पाहायची, मिठाची चव घ्यायची. रेसिपी वाचून स्वयंपाक मला कधी जमला नाही, बघूनच जमतो. प्रेशर कुकरला ही सवय मान्य नाही. एकदा झाकण फिरवून बसवलं, दाब धरला, की आत काय चाललंय ते त्याचं त्याला ठाऊक.

एका संध्याकाळी बटाटे आणि गाजर टाकले होते. बटाट्याच्या फोडी जरा मोठ्या झाल्या होत्या, घाईत होतो. ८ मिनिटं लावली. हे ८ म्हणजे दाब धरल्यानंतरचे, हे एव्हाना पाठ झालं होतं. तरी पडद्यावर आकडा यायलाच बारा मिनिटं गेली. मग ती आठ. मग वाफ आपोआप उतरायची वाट, आणखी पंधरा. भूक लागलेली असताना झाकणावरच्या, दाब उतरला की खाली बसणाऱ्या त्या छोट्या पिनकडे बघत बसणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पिन टक् करून खाली बसली, झाकण उघडलं. गाजर मऊ, छान. बटाटा वरून मऊ आणि सुरी मधोमध अडली. मीठ कमी, पण ते वरून घालता येतं. अडलेल्या बटाट्याचं काय करणार? पुन्हा झाकण, पुन्हा दाब, पुन्हा पिन. भांडं गरम होतं म्हणून या वेळी लवकर झालं. बटाटा शिजला. गाजराचा मात्र फक्त रंग उरला होता.

दोष माझ्या फोडींचा होता, मान्य. पण साध्या कुकरात हीच चूक मी झाकण उचलून, गाजर बाहेर काढून निस्तरली असती. आठवड्यातून एकदा तरी असं काही व्हायचं आणि दर वेळी मला त्या झाकणाचाच राग यायचा.

वाफ झटकन सोडता येते की, असं कुणी म्हणेल. येते. भाज्यांना ठीक आहे. डाळ असेल तर वाफेबरोबर फेसही उडतो आणि ओट्यामागची भिंत पुसावी लागते. म्हणूनच फेसाळणाऱ्या किंवा फुगणाऱ्या जिनसांना भांडं अर्ध्याच्या वर भरू नका असं सांगतात, आणि तो सल्ला खरंच पाळायचा आहे. तीन लिटरचा म्हणून घेतलेला कुकर डाळीपुरता दीड लिटरचा होतो, हेही विकत घेताना धरून चाला.

झाकणाबद्दल अजून एक, आणि मग तो विषय सोडतो. आतली सिलिकॉनची रिंग वास धरते. लसूण-कांद्याचं काही शिजवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात ओट्स केले. दुधाच्या ओट्सना लसणाचा वास! रिंग काढून उन्हात ठेवली, व्हिनेगरमध्ये भिजवली. वास कमी झाला, गेला नाही. गोडासाठी वेगळी रिंग ठेवणं हाच त्यावर उपाय. मी ती आणली आणि हरवली.

साधा कुकर याच्या अगदी उलट. त्याला अक्कल एकच आहे, पाणी संपलं की नाही एवढीच. बुडाशी मधोमध स्प्रिंगवर उभं असलेलं गोल बटण असतं ना, त्यात चुंबक असतो. पाणी आहे तोवर भांड्याचं बूड १०० अंशांच्या आसपास राहतं. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की बूड तापतं, ठरावीक तापमानाला चुंबकाची पकड सुटते आणि खटका पडतो. वेळ मोजणारं आत काही नाही, म्हणूनच अर्धी वाटी असो की तीन वाट्या, भात होतो. तोशिबाने १९५५ साली आणलेला आपोआप बंद होणारा कुकर तर याहून साधा होता. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी ओतायचं, ते आटलं की बूड तापून वीज बंद. मूळ कल्पना अजून तीच आहे.

या एका अकलेचा तोटाही समजून घ्या. डाळीत किंवा रश्श्यात पाणी उरायलाच हवं असतं. पण पाणी आहे तोवर हा थांबत नाही, उकळतच राहतो, आणि आटलं की करपवून मग थांबतो. म्हणजे भात सोडून बाकी काहीही केलंत तर बंद तुम्हालाच करायचंय. मी पहिल्या महिन्यात दोनदा विसरलो. डाळ उतू जाते हे वेगळंच. त्यावर माझा तोडगा असा: डाळ तासभर भिजवायची, भांडं निम्म्याच्या खाली ठेवायचं, चमचाभर तेल, आणि पहिली दहा मिनिटं झाकण जरा तिरकं. उतू जाणं पूर्ण थांबत नाही. पण काचेतून फेस वर येताना दिसतो, हात पुढे करून झाकण उचललं की बसतो.

एरवी माझा रोजचा बेत यात निवांत होतो. डाळ-तांदूळ एकत्र, वर जाळीत भाजी नाहीतर दोन अंडी. पाच मिनिटं राहिली असं वाटलं की झाकण उचलून पालेभाजी टाकायची. प्रेशरमध्ये ही पालेभाजी कधी टाकणार?

काही बारीकसारीक, दोन्हीकडचं. कुकरबरोबर येणारा मोजकप बहुधा १८० मिलीचा असतो, पाककृतीतला कप २४० चा. या गोंधळात पहिला भात बिघडतो आणि लोक कुकरला नावं ठेवतात. साध्यात वाफ उडून जाते म्हणून पाणी जास्त लागतं, प्रेशरमध्ये बरंच कमी. साध्या कुकरचं भांडं आत ठेवण्याआधी बाहेरून पुसा, आणि तबकडीवर शिताचा दाणा नाही ना ते बघा. एक दाणा अडकला तरी बूड नीट टेकत नाही आणि भात एका बाजूला लागतो. साध्यातलं लेप दिलेलं भांडं लवकर चरे धरतं, प्रेशरवाल्याचं स्टीलचं घासता येतं. इथे प्रेशरवाल्याला पूर्ण गुण.

आणि एक जपायची गोष्ट. काही प्रेशर कुकरांत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा पर्याय असतो. राजमा त्यावर कधीच लावू नका. राजम्यात जे विष असतं ते नीट खळखळून उकळल्यावरच जातं, आणि नुसत्या गरम पाण्यात पडून राहिला तर त्रास वाढतो. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात अर्धा तास तरी खळखळून उकळायचा, किंवा सरळ दाबावर लावायचा. साध्या कुकरातही उकळी धरली आणि तेवढा वेळ दिला तर विषाची काळजी मिटते, पण तिथे खरा प्रश्न दाणा मऊ होण्याचा आहे.

तर, आठवड्यातून तीन-चारदा कडधान्यं होत असतील, किंवा सकाळी लावून बाहेर पडायचं असेल, तर माझं ऐकू नका, प्रेशरवाला घ्या. घरात चार माणसं असतील तरी बहुधा तोच. भात, डाळ, भाजी, अंडी एवढ्यावर दिवस निघत असेल आणि शिजताना तुम्ही आसपासच असाल, तर मला वाटतं साधा कुकर कमी त्रास देतो. कडधान्यांसाठी मी महिन्यातून दोनदा फळीवरचा प्रेशर कुकर खाली काढतो, बरंचसं एकदम शिजवतो आणि वाट्या-वाट्या करून फ्रीझरमध्ये टाकतो. दोन्ही ठेवायला जागा नसती तर काय केलं असतं? राजमा शिजवलेलाच विकत आणला असता, असं आत्ता तरी वाटतं.