फॉरमॅट न मारता अपडेट काढून देणारे दुकान

तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीला नेला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय ठरलेला असतो: "नवीन विंडोज मारून देतो." त्यात पैसे जातात ते जातातच, पण मराठी टंकलेखनाचे फॉन्ट, प्रिंटरची जोडणी आणि डेस्कटॉपवर साठवलेले सातबाऱ्याचे उतारेही त्या फॉरमॅटमध्ये वाहून जातात. आर्वीच्या बाजारओळीतील एका लहानशा दुकानाने आमच्या बाबतीत ही वाट टाळली, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

घरच्या संगणकावर विंडोज 11 आहे आणि प्रिंटर बराच जुना आहे. महिन्याचे अपडेट येऊन गेल्यानंतर कोणताही कागद छापायला दिला की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. दुकानातील तरुणाने आधी ब्लोअरने कॅबिनेटच्या जाळीवर साचलेली रुई उडवली (जिनिंगच्या हंगामात आमच्याकडे ती घराघरात शिरते) आणि मग कशालाही हात न लावता सेटिंग्जमधील अपडेट हिस्ट्री उघडली. "गुरुजी, फॉरमॅट काहून मारता? बिघाड कोणत्या तारखेपासून हाय, ते सांगा पहिले," असे म्हणून त्याने मी सांगितलेली तारीख आणि यादीतील तारखा जुळवून पाहिल्या. त्या सुमारास बसलेले एकच अपडेट होते. त्याचा केबी क्रमांक (म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटला दिलेला ओळख क्रमांक) त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवला आणि त्याच पानावरील 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या सोयीतून तेवढे एक काढले. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच प्रयत्नात कागद बाहेर आला. फाइल, फॉन्ट, सगळे जागच्या जागी होते.

अपडेट आणि छपाई यांचे असे वाकडे येणे नवे नाही. 9 मार्च 2021 रोजी विंडोज 10 साठी आलेल्या केबी 5000802 या अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाई करताच निळा पडदा येऊन संगणक बंद पडत असे, आणि दुरुस्तीचे अपडेट आठवडाभरात काढावे लागले होते. मात्र आमच्या बाबतीत दोष प्रिंटरच्या कालबाह्य ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला प्रिंटरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा निघाला. अपडेट काढणे हा केवळ तात्पुरता उतारा आहे, हे त्या तरुणाने स्वतःहून सांगितले, आणि मला या दुकानाची खरी गुणवत्ता तिथेच दिसली. मासिक अपडेट संचयी, म्हणजे मागच्या दुरुस्त्याही सोबत आणणारे असल्याने आज काढलेला भाग पुढच्या महिन्याच्या अपडेटमधून पुन्हा येतो. शिवाय तो काढलेला असेपर्यंत सुरक्षेची भोकेही उघडी राहतात. म्हणून त्याने अपडेट्स काही आठवडे थांबवून ठेवली, त्या अवधीत नवा ड्रायव्हर बसवला आणि नंतर तेच अपडेट पुन्हा घेऊन छपाई तपासून दिली. अपडेटची सेवा कायमची बंद करून गिऱ्हाईक वाटेला लावणारे कारागीर मी पाहिले आहेत, त्यामुळे ही तसदी मला मोलाची वाटते.

वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या आवृत्तीबाबतही त्याने एक उपयुक्त गोष्ट सांगितली. अशी आवृत्ती बसल्यावर 'गो बॅक' या बटणाने मागे जाण्याची मुदत साधारणपणे 10 दिवसांचीच असते, आणि त्याआधी डिस्क साफ करताना जुनी आवृत्ती जपून ठेवणारा विंडोज.ओल्ड हा फोल्डर पुसला तर तीही संधी जाते. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जायला सवड काढेपर्यंत ही मुदत सहज उलटून जाते, तेव्हा शंका येताच फोन तरी करावा, असे त्याचे म्हणणे आहे. संगणक सुरूच होत नसेल, तर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावरील प्रगत पर्यायांतूनही शेवटचे अपडेट काढता येते. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक कुलूप लावलेली) असल्यास तिथे 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाण्याची शक्यता असते, आणि ती हाताशी नसेल तर काम अडते.

उणिवाही आहेत. काम हाती घेण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर काढून घेतल्या का, हे त्याने विचारले नाही. मी ती काळजी घेतली होती, पण प्रत्येक गिऱ्हाईक घेईलच असे नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. इन्व्हर्टर एकच असल्याने वीज गेली की ताटकळत बसावे लागते. मजुरी 250 रुपये घेतली, ती केलेल्या कामाच्या मानाने वाजवी आहे.

छपाईची तक्रार असेल तर जाताना प्रिंटर आणि त्याची केबल दोन्ही सोबत न्यावीत, कारण त्यांच्याशिवाय दुकानात दोष पडताळता येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नये. त्या दिवशी दुकानात मोबाइलचे रिचार्ज आणि झेरॉक्स यांचीच गर्दी असते.