खुर्चीतला तो वैमानिक: ‘एलियन’च्या दोन पूर्वकथा आठ महिने बघितल्यानंतर

‘प्रॉमिथियस’ची डिस्क बरोबर मध्यावर अडकायला लागली. चित्र थिजायचं, आवाज थोडा पुढे जायचा आणि मग प्लेअर बंद पडायचा. ज्यांच्याकडून घेतली त्यांचं म्हणणं, तुमचा प्लेअर जुना झाला. माझं म्हणणं, त्याच प्लेअरवर बाकीच्या सगळ्या डिस्क बिनतक्रार चालतात. व्हिडिओ काढून पाठवले, बिल पाठवलं, पुन्हा पाठवलं. दोन महिने असेच गेले, मग कुठे बदलून मिळाली. तोवर हाताशी होते १९७९ चा ‘एलियन’ आणि २०१७ चा ‘एलियन: कव्हेनंट’. पैसे मोजून आणलेली वस्तू कपाटात पडून राहिलेली मला बघवत नाही, त्यामुळे त्या दोन महिन्यांत पहिला चित्रपट मी सात वेळा पाहिला. पुढे जे लिहिलंय ते या सात वेळांतून आलेलं आहे. डिस्क अडकली नसती तर कदाचित मी एवढा चिडलोही नसतो.

तिन्ही चित्रपट दिग्दर्शक रिडली स्कॉटचे; ‘प्रॉमिथियस’ आणि ‘कव्हेनंट’ या ‘एलियन’च्या आधीच्या काळातल्या कथा. कथा सांगत बसत नाही, वाचणाऱ्यांना ती माहीत असणारच. चित्राची प्रत, आवाज, सबटायटल्स तिन्हींत उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार एका खुर्चीबद्दल आहे.

पहिल्या चित्रपटात ‘नॉस्ट्रोमो’ या मालवाहू यानावरचे डॅलस, केन आणि लॅम्बर्ट एका परक्या, पडक्या यानात शिरतात आणि त्यांना एक प्रचंड मृतदेह दिसतो. दुर्बिणीसारख्या कसल्याशा यंत्राला टेकलेला, खुर्चीतूनच उगवल्यासारखा. डॅलस म्हणतो, याचा दगड झालाय, मरून युगं लोटलेली दिसतात. बरगड्या आतून बाहेर वळलेल्या आहेत. बस, एवढंच. पुढे अख्ख्या चित्रपटात त्याचा विषय निघत नाही. त्याला नावसुद्धा नाही. ‘स्पेस जॉकी’ हे नाव चित्रीकरण करणाऱ्यांनी आपापसात पाडलेलं, ते चाहत्यांनी उचललं.

पहिल्या दोन-तीन वेळेला मी हा प्रसंग नुसता ‘भारी आहे’ म्हणून पाहिला. चौथ्या वेळेपासून त्याच्यावरच अडकलो. मग तो कसा उभा केला ते वाचून काढलं. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने त्याची कल्पना केली आणि सेटवर रंगकामही स्वतःच्या हाताने केलं. आकृती सुमारे २६ फुटांची होती. एकाच प्रसंगासाठी एवढा महाग सेट कशाला, म्हणून स्टुडिओ पैसे द्यायला राजी नव्हता. हा प्रसंग प्रेक्षकांच्या मनावर ठसणार आहे हे त्यांना पटवून द्यावं लागलं. खर्च वाचवायला सेटची एकच भिंत बांधली आणि ती खुर्ची फिरत्या चकतीवर बसवली. कॅमेऱ्याला दुसरी बाजू हवी असली की चकती फिरवायची, भिंत तीच. वैमानिक आणखी अवाढव्य वाटावा म्हणून दूरच्या दृश्यांत स्कॉटने मोठ्या नटांच्या जागी स्वतःची दोन मुलं आणि एका कॅमेरामनचा मुलगा अशी तीन पोरं छोटे अंतराळवेश घालून उभी केली. त्या वेशांतल्या उकाड्याने पोरांना भोवळ यायची वेळ आली होती.

मला या माणसांबद्दल फार प्रेम वाटतं. एक भिंत, एक चकती, तीन पोरं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की या खोलीला अंतच नाही. काटकसर मला कळते. हाती कमी असताना प्रत्येक गोष्ट विचार करून खर्चावी लागते, आणि या प्रसंगात एकही गोष्ट वाया गेलेली नाही.

आता २०१२. ‘प्रॉमिथियस’ बदलून आला आणि आठवड्याच्या आत मी दोनदा पाहिला. खर्च पहिल्या चित्रपटाच्या दसपटीहून जास्त, महागाई धरली तरी तिपटीच्या वर. आणि त्यात काय सांगितलं? तो सांगाडा म्हणजे नुसता पोशाख होता. ज्यांना आपण सोंड आणि बरगड्या समजत होतो ते शिरस्त्राण आणि चिलखत. आत कोण? पांढराफटक, टक्कल केलेला, पिळदार अंगाचा माणूस. आपल्याहून उंच, पण माणूसच. खुर्चीही त्याच्या मापाची झाली.

२६ फुटांचा वैमानिक आठेक फुटांवर आला. मी हे फूटपट्टी घेऊन बोलतोय असं वाटेल, पण माझा सगळा आक्षेप तेवढाच आहे आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. १९७९ मध्ये त्या तिघांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की हे विश्व आपल्यासाठी बांधलेलं नाही. इथे आपल्या आधी कुणीतरी आलं होतं, त्याचा आकार आपल्या समजुतीत मावत नाही, आणि त्यालाही कशाने तरी आतून फोडून मारलं. पुढची सगळी भीती या एका मिनिटावर उभी आहे. पूर्वकथेने सांगितलं की तो आपलाच पूर्वज, माणसाला घडवणारा निर्माता, आपला आणि त्याचा डीएनए एकच. मग परकं उरलं काय?

‘प्रॉमिथियस’ हाती आल्यावर पहिल्या महिन्यातच लिहायला बसलो असतो तर इथे थांबून ‘घेऊ नका’ म्हटलं असतं. पण मत बदललं, आणि कुठे बदललं तेही सांगायला हवं.

‘प्रॉमिथियस’च्या सुरुवातीला डेव्हिड हा यंत्रमानव एकटाच यानात जागा असतो. माणसाच्या निर्मात्यांना शोधायला निघालेले शास्त्रज्ञ आणि बाकी सगळे दोन वर्षांच्या झोपेत. तो सायकल चालवतो, जुना चित्रपट पाहून केस रंगवतो आणि एक प्राचीन भाषा शिकतो. पडद्यावरचा शिक्षक एक गोष्ट म्हणतो, डेव्हिड ती घोकतो. तिसऱ्या वेळेला माझे कान टवकारले, कारण शब्द ओळखीचे वाटले. शोधलं तर ती ऑगस्ट श्लायशर या जर्मन भाषापंडिताची १८६८ ची बोधकथा निघाली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांची जी आदिभाषा असावी, ती अंदाजाने जुळवून त्याने त्या भाषेत मेंढी आणि घोड्यांची गोष्ट रचली. त्याच्या शीर्षकात ‘अविस्’ आणि ‘अक्वासस्’ हे शब्द आहेत. संस्कृतातला अवि म्हणजे मेंढी, आणि अश्व तर आपल्या रोजच्या भाषेतला. भाषाशास्त्रज्ञ अनिल बिल्टू यांनी चित्रपटासाठी हे काम केलं, आणि पडद्यावरचे ते शिक्षकही तेच.

त्या रात्री मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावला. निर्मात्याला भेटायला निघालेलं एक यंत्र आपल्या सगळ्यांच्या भाषांची मूळ आई शिकतंय, ही कल्पना इतकी सुंदर आहे की तिच्यासाठी डिस्कचे अर्धे पैसे मी वसूल धरले. मायकेल फासबेंडरने तो डेव्हिड ज्या शांतपणे उभा केलाय त्याला तोड नाही. नूमी रापासची डॉक्टर शॉ, त्या शास्त्रज्ञांपैकीच एक, स्वतःच्या पोटावर यंत्राकडून शस्त्रक्रिया करून घेते तो प्रसंगही १९७९ च्या तोडीचा आहे, हे कबूल करतो.

आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं. ती भाषा शिकून डेव्हिड शेवटी त्या निर्मात्यापुढे उभा राहतो. शॉला एकच विचारायचंय: तुम्ही आम्हाला घडवलंत, मग आता मारायला का निघालात? डेव्हिड त्या भाषेत काहीतरी बोलतो, त्याचं भाषांतर पडद्यावर येत नाही, आणि तो निर्माता डेव्हिडचं डोकंच उपटतो. प्रश्न तिथेच लोंबकळत राहतो. वगळलेल्या दृश्यांत हे संभाषण लांब आहे, त्यात निर्माताही बोलतो. ते पाहिल्यावर वाटलं, हेच कापलं? जिथे आम्ही काही विचारलं नव्हतं तिथे पोशाख उघडून दाखवला, आणि जे दोन तास स्वतःच विचारत होते त्याचं उत्तर कात्रीत गेलं.

‘प्रॉमिथियस’मधल्या शास्त्रज्ञांच्या वागण्याबद्दल सगळेच चिडलेत, त्यामुळे थोडक्यात. परक्या ग्रहावर शिरस्त्राण काढणं, सापासारख्या प्राण्याला गोंजारणं, स्वतःच नकाशा काढलेल्या बोगद्यात हरवणं. १९७९ च्या यानात साधे मालवाहू कामगार होते, तरी त्यांच्यातल्या रिप्लीने, तोंडाला परका प्राणी चिकटलेल्या केनला आत घ्यायला नकार देताना चोवीस तासांच्या विलगीकरणाचा नियम सांगितला होता. ती बरोबर होती, आणि दार उघडलं ते ज्याचा डाव वेगळाच होता त्याने. त्या चित्रपटात चुकीलाही कारण असायचं.

‘कव्हेनंट’ माझ्याकडे सुरुवातीपासून नीट चालत होता, आणि गंमत म्हणजे आधी मला तोच जास्त आवडला होता. वेग आहे, भीती आहे, १९७९ मधला तो जीवघेणा परका प्राणी परत आहे. डेव्हिड आणि त्याचाच चेहरा असलेला दुसरा यंत्रमानव वॉल्टर बासरी घेऊन समोरासमोर बसतात, एक दुसऱ्याला वाजवायला शिकवतो, तो प्रसंग मी कुणालाही कौतुकाने दाखवीन. पण जसजसा पुन्हा पाहिला तसतसा तो खाली घसरत गेला, आणि ‘प्रॉमिथियस’ वर चढला. असं होईल याची मला कल्पना नव्हती.

पहिलं कारण शॉ. मागच्या चित्रपटात एवढं सोसून जी उत्तर शोधायला निघाली, तिचं या चित्रपटात फक्त चिरफाड केलेलं प्रेत दिसतं. मधल्या काळातलं काहीबाही डिस्कवरच्या छोट्या जोड-चित्रफितीत आहे, पण मुख्य कथेत तिला जागा नाही. आणि ज्यांच्याकडे ती निघाली होती ते निर्माते? एका आठवणीच्या दृश्यात डेव्हिड त्यांच्या नगरावर काळं विष ओततो, संपले सगळे. इतका मोठा प्रश्न मांडला होता, आणि तो असा एका झटक्यात आवरला.

दुसरं कारण मला रात्री झोपू देत नाही. ‘कव्हेनंट’ सांगतो की तो प्राणी, तो ज्यांतून येतो ती अंडी, हे डेव्हिडने घडवलं, एकट्याने, दहा वर्षं प्रयोग करून. कथेतलं साल २१०४. रिप्लीची ‘नॉस्ट्रोमो’ त्या पडक्या यानापाशी पोचते ती २१२२ मध्ये. मधे अठरा वर्षं. मग खुर्चीतल्या त्या वैमानिकाचा दगड कधी झाला? त्याच्या यानाच्या पोटातली अंडी कुणी ठेवली?

काही चाहते सांगतात की ‘प्रॉमिथियस’मधल्या भिंतीवर त्या प्राण्यासारखं शिल्प आहे, म्हणजे तो आधीही असणार, डेव्हिडने फक्त पुन्हा घडवला. मी ते शिल्प थांबवून, मोठं करून पाहिलं. आहे खरं. पण ‘कव्हेनंट’ स्वतः त्याकडे वळूनही पाहत नाही. तो डेव्हिडच्या निर्मितीचाच डंका वाजवतो. दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, मधे पाच वर्षं, आणि जुळवाजुळव आम्ही करायची.

म्हणजे त्या वैमानिकाला दोनदा लहान केलं. एकदा फुटांत आणि एकदा वर्षांत. दुसरं जास्त वाईट. युगानुयुगं अंधारात वाट पाहणारी गोष्ट आता एका रागावलेल्या यंत्राचा प्रयोग झाली, तोही माणसानेच बनवलेल्या यंत्राचा. फिरून फिरून सगळं माणसाशीच येऊन थांबतं. या एका बाबतीत मला स्कॉटचा राग येतो, आणि राग यायचं कारण हेच की ती २६ फुटांची आकृती पडद्यावर आणणाराही तोच होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

‘प्रॉमिथियस’च्या जास्त डिस्कांच्या संचात निर्मितीवरचा साडेतीन तासांहून लांब माहितीपट आहे. तो तीन बैठकांत पाहिला आणि त्याने बराच राग निवळला. पहिला मसुदा जॉन स्पेट्सचा, तो ‘एलियन’ला थेट जोडलेला होता. नंतर डेमन लिंडेलॉफने पटकथा बदलून ती माणसाच्या निर्मात्यांच्या प्रश्नाकडे वळवली. माणसं मन लावून काम करताना दिसतात, प्रचंड सेट खरोखर बांधलेत. आळस कुठेच नाही. घ्यायचाच असेल तर माहितीपटासकट असलेला संच घ्या. एकट्या चित्रपटाची डिस्क त्या मानाने महाग पडते. ‘कव्हेनंट’ कुणाकडून तरी आणून एकदा बघा, विकत घेऊ नका. १९७९ चा मात्र स्वतःचा असावा.

गेल्या आठवड्यात भाचा आला होता, नुकतीच अठरा पूर्ण झालीत. त्याने यातला एकही पाहिला नव्हता. त्याला कुठून सुरू करायचं हे विचारण्याची गरजच नव्हती, मी १९७९ चा लावला. ते तिघं यानात शिरले, वर चढले, आणि ती आकृती आली. तो पुढे सरकून बसला.

“मामा, हा कोण?”

उत्तर माझ्याकडे होतं. दोन डिस्क, दोन महिन्यांची भांडणं आणि साडेतीन तासांचा माहितीपट, सगळं त्याच उत्तरावर खर्च झालं होतं. मी म्हटलं, “माहीत नाही रे.”

“मागे घे ना जरा,” तो म्हणाला. मी मागे घेतलं, आणि आम्ही तो प्रसंग पुन्हा पाहिला.