स्कूबा क्लबमध्ये काही महिने: वापरानंतरचा अनुभव

स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचं, प्रमाणपत्र हातात आल्यावर दोन पर्याय होते: वर्षातून एकदा सुट्टीत जाऊन डायव्ह मारायच्या किंवा स्थानिक क्लबचं सभासद व्हायचं. मी क्लब निवडला. हा मार्ग संथ आहे, पण पाण्याखाली माझ्यात जो बदल झाला तो सुट्टीतल्या डायव्हनी झाला नसता, याची मला खात्री आहे.

सगळ्यात मोठा फरक बॉयन्सीत, म्हणजे न बुडता न तरंगता एका खोलीवर स्थिर राहण्यात, पडला. समुद्रात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो आणि बीसीडीतल्या, म्हणजे तरंगणं सांभाळण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटातल्या, हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. 20 ते 30 मीटरच्या टप्प्यात तेच आकारमान फक्त पाव हिश्शाने घटतं. त्यामुळे खोलीची धास्ती असली तरी खरी तारांबळ उथळ पाण्यातच उडते, नेमकी वर येताना सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायच्या वेळी. आमच्या क्लबमधले एक ज्येष्ठ डायव्हर तलावातल्या सरावात प्रत्येकाच्या पट्ट्यातली शिशाची वजनं थोडी थोडी कमी करायला लावतात. जास्तीचं शिसं गेलं की बीसीडीत हवा कमी भरावी लागते, आणि मग नुसत्या श्वासाच्या लयीवर अंगुळभर वर-खाली होता येतं. हे जमलं त्या दिवशी माझे हात आपोआप शांत झाले, हवाही पुरायला लागली. 20 मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते, तिथे ही बचत थेट वेळेत मोजता येते.

दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही: एकाच खडकावर पुन्हा पुन्हा जाणं. सुरुवातीला मला तो खडक करडाच दिसायचा, कारण पाणी लाल रंग सर्वात आधी गिळून टाकतं. टॉर्च मारला तेव्हा तिथे नारिंगी स्पंज होते. पुढे कपारींच्या तोंडाशी पडलेले शिंपले आणि खेकड्यांची कवचं ओळखता येऊ लागली. असा ढीग ताजा असला तर आत ऑक्टोपस असण्याची शक्यता चांगली. नव्या जागी मी इतक्या हळू कधीच पाहिलं नव्हतं.

बडी, म्हणजे पाण्यात जोडीने उतरणारा साथीदार, तोही तोच राहतो, ही क्लबची मोठी देणगी. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, म्हणून टाकीवर टकटक ऐकू आली तरी दिशा कळत नाही. वळून शोधावंच लागतं. ओळखीचा बडी कुठे असेल याचा अंदाज असतो. त्याचा श्वास जलद झाला की मला बुडबुड्यांवरून कळतं.

त्रासही आहे. हवामानामुळे डायव्ह रद्द होतात, आणि त्या सलग रद्द झाल्या की उत्साह मावळतो. क्लबचे वेटसूट सगळ्यांच्या मापाचे नसतात. मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) स्वतःचाच घ्या. उरलेलं सामान क्लबचं वापरून मगच ठरवा. डायव्हनंतर सामान गोड्या पाण्याने धुणं, सिलिंडर उचलणं, बोट आवरणं ही कामं सभासदांनीच करायची असतात. ज्यांना नुसतं येऊन पाण्यात उतरायचं आहे त्यांना ते जड जाईल.

सामील होण्याआधी सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेची तपासणी कधी झाली, रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राची) सर्व्हिस कोण करतं आणि बोटीवर ऑक्सिजन असतो का, हे विचारा. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीखही पाहा. या प्रश्नांनी जो क्लब वैतागेल तिथे जाऊ नका. आमच्याकडे मला नोंदवही उघडून दाखवली होती, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

सभासदत्व मी पुढेही चालू ठेवलं आहे. आता रेस्क्यूचा कोर्स करायचा विचार आहे, इथल्याच प्रशिक्षकाकडे.