काळ्या दगडाची छायाचित्रे आणि एका मुद्रणालयाचे वॉर्निश

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या कृष्णधवल छायाचित्रांचे १६० पृष्ठांचे पुस्तक आम्ही नुकतेच पुण्यातील एका मुद्रणालयात छापून घेतले. त्यांच्या वॉर्निशच्या, म्हणजे छापलेल्या पानावर चढवायच्या पारदर्शक थराच्या, कामाबद्दल येथे लिहीत आहे, कारण छपाईचा दर सगळेच विचारतात, पण पानावर चकाकी कुठे हवी आणि कुठे नको, याची चौकशी क्वचितच होते.

कागद १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट, म्हणजे चकाकी नसलेला लेपित कागद, होता. या कागदावर काळा रंग वाळल्यावर करडा दिसू लागतो, कारण पृष्ठभागाच्या बारीक खडबडीतपणामुळे सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश त्या काळ्यात मिसळतो आणि बेसाल्टच्या कोनाड्यातली सावली धुरकट होते. उलट, कागदच चकचकीत घेतला तर दिव्याखाली मजकूर वाचताना पान सारखे तिरके धरावे लागते. म्हणून छायाचित्रांवर ग्लॉस (चकचकीत) आणि उरलेल्या पानावर मॅट (मंद) वॉर्निश असे ठरले. छायाचित्रे काळ्या आणि करड्या अशा दोनच शाईंत असल्यामुळे चार रंगांच्या यंत्राची उरलेली दोन युनिट वॉर्निशला मिळत होती. हिशेब सुरेख होता.

यंत्रावर मात्र तो बसला नाही. पहिला फर्मा (एका तावावर एकत्र छापली जाणारी पाने) शाई आणि वॉर्निशसह एकाच फेरीत छापला, तेव्हा ओल्या शाईवरचे ग्लॉस वॉर्निश इतके लखलखीत दिसले की मी तिथल्या तिथे ताव मंजूर करून सही केली. ही घाई माझी. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शाईबरोबर वॉर्निशही कागदात मुरलेले, आणि दोन्ही वॉर्निशांमधला फरक ट्यूबलाइटखाली ताव हलवून शोधावा लागत होता. यंत्रचालकाने वाद न घालता उपाय सांगितला: आधी शाई छापायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग वॉर्निशची वेगळी फेरी घ्यायची. वेळ आणि खर्च दोन्ही वाढले, पण त्यानंतर स्तंभांवरच्या कोरीव कामातील काळोख खरोखर काळा आला आणि मजकुरावरून नजर कुठेही घसरली नाही. पहिला फर्मा त्यांनी पुन्हा छापून दिला. कागद आमचा गेला, छपाईचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दोन फेऱ्यांची किंमत जुळणीत, म्हणजे वॉर्निश छायाचित्रावर नेमके बसण्यात, मोजावी लागते. पावसाळी हवेत मधल्या दिवसांत कागद किंचित ताणला गेला, त्यामुळे एका फर्म्यात छायाचित्रांच्या डाव्या कडेबाहेर केसाएवढी चकचकीत रेघ उतरली आहे. ती मी दाखवेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती, हे मला खटकले. पुढच्या वेळी ग्लॉसची प्लेट छायाचित्राच्या कडेपासून थोडी आत घ्यायला सांगणार आहे.

मुखपृष्ठाबाबतचा त्यांचा सल्ला सरळ चुकीचा होता. लॅमिनेशनचा खर्च वाचवण्यासाठी त्यावरही मॅट वॉर्निशच करावे, असे त्यांनी सुचवले आणि आम्ही ऐकले. वॉर्निशचा मंदपणा त्यातल्या सिलिकासारख्या बारीक कणांमुळे येतो. प्रती एकमेकींवर घासल्या की तो थर गुळगुळीत होतो. खोकी उघडली तेव्हा काळ्या मुखपृष्ठांवर चकचकीत ओरखडे होते, आणि पुस्तकाच्या कण्याच्या घडीवर शाई तडकून आतला पांढरा कागद दिसत होता. आतल्या पानांना शोभणारे वॉर्निश हाताळणीचा मार खाणाऱ्या मुखपृष्ठाला पुरत नाही, हे मुद्रकाने ग्राहकाला आधी सांगायला हवे होते.

दुसऱ्या आवृत्तीचे आतले फर्मे याच मुद्रणालयाला देणार आहोत. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन करून त्यावर शिखराच्या आकृतीपुरते स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागीच दिला जाणारा चकचकीत थर, घेऊ. तेही दोन नमुने एकमेकांवर चांगले रगडून पाहिल्यावरच.