कृष्णाकाठच्या जुन्या कुस्ती मैदानाची गॅलरी (प्रेक्षकांच्या पायऱ्या): डागडुजी की पाडापाडी?

सांगलीत हा प्रश्न निघाला की आधी पूररेषेचा नकाशा मागवा, मग इंजिनिअरला बोलवा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, मैदान किंवा बाग चालते, नवी इमारत नाही. तिथली गॅलरी पाडली तर पुन्हा बांधायला परवानगी मिळेलच असं नाही. लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि 2019 ला पाणी 57 फुटांपुढे गेलं, हे जोतं ठरवताना लक्षात ठेवा.

डागडुजी परवडते की नाही, ते आतला लोखंडी गज सांगतो. खांबाचा कोपरा फोडून नुकत्याच उघड्या पडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन (क्षार असला की गुलाबी होणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तर गजाला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षार शाबूत. बिनरंगी थर गजापर्यंत, साधारण 40 मिलिमीटर, पोचला असेल तर गंजाला वाट मोकळी झाली. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (ठोका देऊन उसळीवरून ताकद सांगणारं यंत्र) जाऊ नका. जुन्या काँक्रीटची वरची कातडी कडक झालेली असते, आकडा उगाच चांगला येतो. निदान तीन कोर (काँक्रीट कापून काढलेले गोल नमुने) काढा: सरासरी ताकद मूळ ग्रेडच्या 85 टक्के हवी, एकही कोर 75 टक्क्यांखाली नको.

कोर पास असतील आणि गळती पायऱ्यांच्या सांध्यातूनच असेल, तर पाडू नका. आधी सांधे बुजवा, मग टेकू लावून काँक्रीट फोडा. गजाच्या मागेही बोटभर जागा मोकळी हवी. गज चकचकीत होईस्तोवर घासा, झिजलेल्याला नवा गज जोडा, मग पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं मॉर्टर भरा. कंत्राटदार मागची फोड हमखास टाळतो आणि वरून गिलावा ओढतो. आत गंज फुगत राहतो, दोन पावसाळ्यांत पोपडा पुन्हा खाली.

खांबांच्या रिंगाच (उभ्या गजांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या कड्या) तुटल्या असतील तर मात्र मोह नको, पाडा. नवा पाया काळ्या मातीवर टेकवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जा.

जेसीबी यायच्या आधी आखाडा रिकामा करा. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती विकत घेऊन लगेच तशी होत नाही. पुराचा गाळ बसलेला वरचा थर खरवडून टाका, खालची माती चाळा, सुकवा, पोत्यांत भरून जोत्याच्या वर ठेवा.