लसीचे कार्ड आणि गुळीचे चार दिवस

पाळीव उंदरांना कुत्र्यामांजरांप्रमाणे टोचायची कोणतीही लस नसते. एवढे एक वाक्य मला जानेवारीत कोणी सांगितले असते, तर दोन पिल्लांच्या लसीकरणाचे म्हणून ज्या दुकानदाराने माझ्याकडून 900 रुपये घेतले आणि वर शिक्का मारलेले छापील कार्ड हातात ठेवले, त्याच्या पुढच्या एकाही शब्दावर मी विश्वास ठेवला नसता. आमच्या गुळीला पावसाळ्यात जे सोसावे लागले, ते कदाचित टळले असते. ज्यांच्या घरी पाळीव उंदीर आहेत किंवा येणार आहेत, त्यांनी हे वाचावे म्हणून घडले तसे लिहीत आहे.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत रोखपाल आहे. माझी मुलगी सातवीत शिकते आणि तिने वर्षभर हट्ट धरल्यावर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही शहरातल्याच एका दुकानातून उंदराच्या दोन माद्या आणल्या. एक करड्या ठिपक्यांची होती आणि दुसरी तांबूस, म्हणून मुलीने त्यांची नावे तिळी आणि गुळी ठेवली. घरात विरोध होताच. सासूबाईंनी कित्येक दिवस स्वयंपाकघराचे दार लावून घेतले होते आणि शेजारच्या काकूंनी तर "उंदीर? आणि तेही पैसे देऊन?" असे तीन वेळा विचारले होते. त्यानंतर मी बाहेर कोणाजवळ हा विषय काढायचेच टाळले. याचा पुढच्या घटनेशी थेट संबंध आहे. कुत्र्याविषयी शंका आली, तर गल्लीतल्या चार माणसांना विचारता येते. उंदराविषयी विचारायला मात्र मला संकोच वाटत होता, आणि त्यामुळे विकणाऱ्याने सांगितले तेच माझ्यासाठी शेवटचे ठरत गेले.

दुकानदाराने पिल्लांसोबत खाद्याचे एक पाकीट दिले. "बाहेरून मागवलेले खास खाद्य आहे ताई, यातच सगळे जीवनसत्त्व आहे, दुसरे काही देऊ नका, नाहीतर पोट बिघडेल," असे त्याने बजावून सांगितले. अर्ध्या किलोचे पाकीट 360 रुपयांना होते आणि महिन्याला दोन पाकिटे लागत होती. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, घटक नव्हते आणि तारीखही नव्हती. नोटांची गड्डी तीनदा मोजल्याशिवाय पुढे न सरकवणाऱ्या मी ते पाकीट पाच महिने उलटूनसुद्धा पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पिंजऱ्यात अंथरण्यासाठी सुवासिक लाकडाचा भुसाही त्यानेच दिला. त्याचा वास इतका उग्र होता की पिशवी उघडली की मुलीला शिंका यायच्या, पण आम्ही तो स्वच्छतेचा वास समजलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात झड लागली होती. गुळी एका कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसू लागली, तिच्या अंगावरचे केस विस्कटून उभे राहू लागले आणि एका सकाळी तिच्या डोळ्यांभोवती व नाकाशी लाल कड दिसली. मुलगी रडू लागली आणि मी घाबरून दुकानदाराला फोन केला. "ताई, उंदराला कोण डॉक्टर बघतो? आमचा माणूस आहे, तो फक्त हेच बघतो," असे म्हणून त्याने संध्याकाळी एका गृहस्थांना आमच्या घरी पाठवले. त्यांनी स्वतःची ओळख डॉक्टर अशी करून दिली, गुळीला जेमतेम अर्धा मिनिट हातात धरले आणि तिच्या शरीरात रक्तस्राव सुरू झाल्याचे सांगितले. तिचे वजन त्यांनी केले नाही, छातीला कान किंवा नळी लावली नाही आणि काय खाते हेही विचारले नाही. भेटीचे 800 रुपये, रक्त थांबवण्याच्या इंजेक्शनचे 1,100 आणि एका बिनलेबलाच्या पुडीचे 350 असे 2,250 रुपये त्यांनी घेतले. मी चिठ्ठी मागितली तेव्हा "उंदराला चिठ्ठी देत नाहीत," असे ते म्हणाले. जाताना त्यांनी पोट साफ व्हावे म्हणून पूर्ण एक दिवस तिला फक्त ग्लुकोजच्या पाण्यावर ठेवायला सांगितले.

आम्ही तसेच केले. दुसऱ्या दिवशी तिच्या श्वासाबरोबर टकटक असा बारीक आवाज येऊ लागला आणि तिच्या दोन्ही कुशी खालीवर होऊ लागल्या. फोन केला तर "औषध लागू पडते आहे" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी ती तोंड उघडून श्वास घेत होती आणि त्या संध्याकाळपासून त्या गृहस्थांचा फोन बंद लागू लागला. चौथ्या दिवशी पहाटे मुलीच्या ओढणीत गुंडाळलेली असताना गुळी गेली.

दोन दिवसांनी तिळी शिंकू लागली. या वेळी मी संकोच बाजूला ठेवला आणि तिला टोपलीत घालून आमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथे गायी-म्हशी आणि शेळ्या घेऊन आलेली माणसे रांगेत होती, आणि मी काय आणले आहे हे पाहून कोणीही हसले नाही. तेथील डॉक्टरांनी तिळीला तपासले आणि सरळ सांगितले की उंदरांवर उपचार करण्याचा आपला अनुभव फार थोडा आहे, त्यामुळे अंदाजाने औषध देण्यापेक्षा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवणे बरे. त्यांनी तशी चिठ्ठीही दिली. ज्या माणसाला काहीच येत नव्हते तो माझ्या घरात सर्वज्ञ असल्यासारखा बोलला होता, आणि जो खरोखर शिकलेला होता त्याने आपली मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत सांगितली. हा फरक मला आधी ओळखता आला असता, तर असे फार वाटते. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खंबाटकीच्या बोगद्यातून शिरवळ गाठले.

तिथे मिळालेली माहिती मी वहीत लिहून आणली. पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या शरीरात मायकोप्लाझ्मा हा जीवाणू आधीपासूनच असतो. दमट हवा, कोंदट पिंजरा, मूत्रातून सुटणारा अमोनिया, उग्र वासाचा भुसा किंवा ताण यांनी श्वसनमार्ग कमजोर झाला की तो डोके वर काढतो आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. तो शरीरातून पूर्णपणे जात नाही, पण वेळेवर प्रतिजैविके सुरू केली तर आटोक्यात ठेवता येतो आणि उंदीर पुढे बरेच महिने चांगला जगू शकतो. तिळीला डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधे अनेक दिवस द्यावी लागली. त्यांची मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ती ग्रॅममधल्या वजनावरून ठरते आणि तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत दुसऱ्याच्या घरातला आकडा धोकादायक ठरू शकतो. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे, त्यामुळे तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला याचा अर्थ वेळ जवळजवळ संपली आहे, हेही मला तिथेच कळले. गुळीच्या तिसऱ्या दिवसाचा अर्थ मला तेव्हा लागला.

डोळ्यांभोवतीची लाल कड हे रक्त नव्हतेच. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते आणि तिच्यातून पॉर्फिरिन नावाचे तांबडे रंगद्रव्य पाझरते. निरोगी उंदीर तोंड धुतो तेव्हा ते पुसले जाते, पण आजारी किंवा ताणाखाली असलेला उंदीर अंग साफ करणे सोडतो आणि ते साचून वाळते. म्हणजे ती आजाराची खूण आहे, रक्तस्राव नव्हे. अतिनील प्रकाशात हे द्रव्य गुलाबी-लाल चमकते, असे तिथल्या एका डॉक्टरांनी जाता जाता सांगितले. गुळीचे नाक पुसलेला पांढरा रुमाल घरात तसाच होता. दुसऱ्या दिवशी काउंटर बंद झाल्यावर, खोट्या नोटा ओळखण्यासाठी आमच्याकडे जो जांभळा दिवा असतो त्याखाली मी तो रुमाल धरला. तांबडे डाग निखाऱ्यासारखे उजळले. रोज खोटी नोट पकडण्यासाठी वापरत असलेल्या दिव्याखाली मला त्या 1,100 रुपयांच्या इंजेक्शनची खरी किंमत दिसली, आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

उपाशी ठेवण्याचा सल्ला तर त्याहून वाईट होता. उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीसुद्धा त्याला माणसासारखे उपाशी ठेवण्याची गरज नसते, आणि एवढ्या लहान शरीरातला साठा काही तासांत संपत येतो. आजारी उंदराने कसेही करून खाल्ले पाहिजे, मग मऊ शिजवलेला भात असो, डाळीचे घट्ट पाणी असो की कुस्करलेले उकडलेले अंडे असो. आम्ही आमच्या हातांनी तिचा एक संपूर्ण दिवस काढून घेतला.

खाद्याचे पाकीट मी सोबत नेले होते. डॉक्टरांनी ते कागदावर ओतून माझ्यासमोर निवडले. त्यात मका, बाजरी, भरपूर सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि रंगीत कुरकुरीत तुकडे होते, म्हणजे पोपटांसाठी विकतात तसेच मिश्रण. अशा मिश्रणातले तेलकट दाणे उंदीर आधी वेचून खातात आणि बाकीचे टाकून देतात. त्यामुळे वजन वाढते, पण प्रथिने आणि क्षार मिळत नाहीत. तिळी भरल्यावर 410 ग्रॅम निघाली. पूर्ण वाढलेली मादी साधारण 250 ते 350 ग्रॅमची असते. आम्ही तिला गुबगुबीत म्हणत होतो.

आता तिला रोज सुमारे 15 ते 20 ग्रॅम खाणे मिळते. त्यातला मोठा भाग उंदरांसाठी बनवलेल्या एकसारख्या गोळ्यांचा असतो, ज्यांत प्रथिनांचे प्रमाण 14 ते 18 टक्के लिहिलेले आहे आणि ज्यांतून वेचून खाणे शक्यच नसते. उरलेला भाग आमच्याच स्वयंपाकघरातून जातो: मीठ न घातलेला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, शिजवलेले मूग, काकडी, गाजर, थोडी कोथिंबीर, आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. कच्चा राजमा, हिरवट पडलेला बटाटा, चॉकलेट, फरसाण आणि सोड्याची पेये पूर्ण बंद आहेत. जे पोटात गेले ते उलटून बाहेर पडू शकत नाही, हे एकदा लक्षात आले की काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये याकडे आपोआप जास्त लक्ष राहते. सुवासिक भुशाच्या जागी जुन्या सुती कापडाचे आणि साध्या कागदाचे तुकडे अंथरतो. आता वजन काटा करणे हे मुलीचे रविवारचे काम आहे, कारण उंदीर आजार लपवतो, पण उतरलेले वजन लपवू शकत नाही.

पैशांचा हिशेब मी मांडला आहे. पिंजरा वगळता पिल्लांचे 1,200, तथाकथित लसीचे 900, दहा पाकिटे खाद्याचे 3,600 आणि त्या गृहस्थांचे 2,250, असे एकूण 7,950 रुपये गेले. मला आकड्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर एकाच पद्धतीने फसवले गेल्याचे जास्त लागते. कार्ड होते पण लशीचे नाव आणि बॅच क्रमांक नव्हता, पाकीट होते पण त्यावर घटक नव्हते, डॉक्टर होते पण नोंदणी क्रमांक नव्हता. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यक म्हणून उपचार करणाऱ्याची नोंदणी असावी लागते, त्यामुळे तो क्रमांक विचारणे यात कोणाचा अपमान नाही. खरा डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहूनच देतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही 2018 पासून केंद्र सरकारचे नियम आहेत आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे त्यात बंधनकारक आहे. मी त्या दुकानात भिंतीवर दोन देवांच्या तसबिरी पाहिल्या होत्या, नोंदणीचा कागद पाहिल्याचे मला आठवत नाही.

मी पिल्लांची पावती मागितली नव्हती, पण पैसे यूपीआयने दिलेले असल्याने प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रक्कम माझ्या मोबाइलमध्ये होती. त्यांच्या छापील प्रती, लसीच्या कार्डाची छायाप्रत, पाकिटाचे फोटो आणि शिरवळच्या तपासणीचा कागद जोडून मी दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. आठ दिवसांनी त्याने लसीचे 900 रुपये परत केले आणि "डॉक्टरचे आम्हाला काही माहीत नाही" असे फोनवर सांगितले. त्यानंतर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज तयार आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांत तिथे शुल्क लागत नाही. त्या गृहस्थांविषयी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेला लेखी कळवले आहे. त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.

तिळीचे वजन मागच्या रविवारी 335 ग्रॅम भरले. पाठीशी कान लावला की अजून कधीकधी बारीक घरघर ऐकू येते, तेव्हा आम्ही तारीख लिहून ठेवतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करतो. एकटे ठेवले तर उंदीर खंगतो, म्हणून तिच्यासाठी सोबत शोधत आहोत. पुण्यातल्या एका कुटुंबाकडे दोन माद्या आहेत. त्यांनी आईबापांचे फोटो, रोजचे खाणे आणि पशुवैद्यांच्या चिठ्ठ्या न मागता पाठवल्या. त्या आल्या की पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत राहतील, आणि त्यासाठी सासूबाईंनी आपली देवघराशेजारची खोली देऊ केली आहे.