खारा वारा, पावसाळा आणि बुलेटचं अल्युमिनियम: लॅकर, पॉलिश की वॅक्स?

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी राहत असेल, तर इंजिनचं अल्युमिनियम चकाचक करणं हे एका दुपारचं काम आहे. ते तसं टिकवणं वर्षभराचं. दुकानात मेटल पॉलिश म्हणून जे मिळतं ते पहिल्या कामापुरतं असतं. दुसऱ्यासाठी वेगळं काहीतरी लावावं लागतं, आणि ते काय लावावं यावर दहा मेकॅनिकची बारा मतं.

माझी गाडी जुनी, बीडाच्या ब्लॉकची बुलेट ३५०. हेड आणि बाहेरची कव्हरं अल्युमिनियमची. डावीकडे प्रायमरी चेनचं मोठं कव्हर, उजवीकडे पुढे टायमिंगचं आणि मागे गिअरबॉक्सचं. वैशाखात तिन्ही सारखीच घासली आणि मग मुद्दाम तिघांना तीन उपाय केले. टायमिंग कव्हरवर क्लिअर लॅकर, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक थर धरणारा रंग, मारून घेतलं, गिअरबॉक्सवर फक्त ट्यूबमधलं मेटल पॉलिश, प्रायमरीवर पॉलिश करून वर कारचं कार्नोबा वॅक्स (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण). सगळा पाऊस गाडी रोज चालवली. आता दिवाळी उलटली, म्हणून लिहितोय.

आधी घासण्याबद्दल. डिझेलमध्ये ब्रश बुडवून तेल-माती काढायची, साबणाच्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग ओला पॉलिश पेपर ४००, ८००, १२००, शेवटी २००० नंबरचा. मधला नंबर गाळला तर आधीच्या पेपरच्या रेघा शेवटपर्यंत दिसतात, कितीही पेस्ट चोळा. पेस्ट जुन्या बनियनच्या फडक्याने लावायची. फडकं कुट्ट काळं होतं, ते मळ नसून बहुतांशी अल्युमिनियमच असतं, म्हणजे दर पॉलिशला आपण थोडा धातू उतरवतोय. कव्हर जिथे गॅस्केटवर, म्हणजे सांध्यातल्या पॅकिंगवर, बसतं त्या कडेला पेपर लावायचा नाही. तिथली सपाटी गेली की तेल पाझरणारच, आणि बुलेटला तेवढं निमित्त पुरतं. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण धातूत रुततात आणि आठवडाभरात तिथे तांबडे ठिपके उठतात. पितळी किंवा नायलॉनचा चालतो.

आता थोडं रसायनशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अल्युमिनियम उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर येतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. म्हणजे नुसता करडेपणा हा रोग नव्हे. रोग म्हणजे पांढरी पूड आणि तिच्याखालचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. मिठातला क्लोराइड तो थर जागोजाग भेदतो, ओल धरून ठेवतो आणि धातू तिथेच खात जातो. तीव्र आम्ल किंवा अल्कली लागली तर हा थर विरघळतोच. एका मित्राच्या गाडीवर धुलाईवाल्याने कॉस्टिक सोड्याचं पाणी मारलं होतं. कव्हरं पाच मिनिटांत काळीठिक्कर. ओतीव अल्युमिनियममध्ये सिलिकॉन असतं. सोड्याने वरचं अल्युमिनियम खाल्लं आणि मागे उरलेला थर काळा दिसतो. लिंबू-चिंचेने भांडी लख्ख होतात म्हणून इंजिनवर कुठलंही आम्ल ओतू नका. बिनलेबलच्या बाटलीतलं ‘ब्राइटनर’ तर मुळीच नको. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं आणि ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं.

तर निकाल. गणपतीपर्यंत लॅकरचं टायमिंग कव्हर सगळ्यात देखणं होतं, लोक थांबून बघायचे. मग खालच्या कडेला आणि स्क्रूंच्या डोक्याभोवती पांढऱ्या रेघा दिसू लागल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, लॅकरच्या खालून सरकणाऱ्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. गुळगुळीत पॉलिश केलेल्या अल्युमिनियमला लॅकर मुळातच नीट धरत नाही. त्यात स्क्रू फिरवताना ते तडकतं, फटीतून खारं पाणी शिरतं आणि मग ते पुसताही येत नाही. पुण्या-नाशकाकडे कोरड्या हवेत हेच लॅकर जास्त टिकत असेल, त्याला नाव ठेवत नाही.

नुसत्या पॉलिशचं गिअरबॉक्स कव्हर पहिल्या जोरदार सरीनंतरच मंदावलं. आषाढात दर धुण्याला पांढरे ठिपके. पण हाताने चोळलं की निघत होते. सांभाळायला वेळ आहे त्यांनी हेच करावं, मात्र आज येतो-उद्या येतो केलंत तर खड्डे पडलेच समजा.

वॅक्स लावलेलं प्रायमरी कव्हर जिंकलं. आरशासारखं नाही, किंचित धुरकट दिसतं, पण पांढरी पूड फक्त पुढच्या खालच्या ओठाला, जिथे चाकाने उडवलेले खडे बसतात. दर पंधरवड्याला धुऊन, इंजिन कोमट असताना पातळ हात फिरवत होतो. वॅक्सची डबी अजून अर्धीही संपलेली नाही. कार्नोबा ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे हेडच्या फिन्सवर, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ पट्ट्यांवर, ते लावण्यात अर्थ नाही. तिथे ते धूर होऊन जातं. फिन्स मी नायलॉन ब्रशने साफ करतो आणि करड्याच ठेवतो. फिन्सचं काम उष्णता फेकण्याचं.

इंजिन ऑइल चोळायचा सल्ला इथे सगळे देतात. मीठ लागत नाही खरं, पण जांभ्याची तांबडी धूळ त्यावर अशी बसते की कव्हर गेरूने सारवल्यागत दिसतं. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला छान, तेवढ्यासाठीच वापरतो.

वॅक्सहून जास्त फरक मात्र साध्या पाण्याने पडला. मिरकरवाड्याचे मच्छीमार बंदराला लागले की मशीन गोड्या पाण्याने धुतात, ते उगाच नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने आलो की गाडी गार होऊ देऊन बादलीभर पाणी, मग कोरडं फडकं. प्रेशर पंप नको, तो मीठ सांध्यांत ढकलतो.

आणि स्क्रू. पोलाद, अल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आले की बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं अल्युमिनियम. आटे जाम होतात, स्क्रू काढताना कव्हरचे आटेच बाहेर येतात. त्यामुळे प्रत्येक स्क्रूला बोटभर मरीन ग्रीस लावलं. ग्रीस लावलेला स्क्रू नेहमीच्या जोराने आवळू नका, कमी जोरात तेवढाच घट्ट बसतो.

ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून सफाई, करायचंच असेल तर इंजिन पूर्ण खोलून, काचेच्या मण्यांचं, आणि नंतर तेलाची भोकं एकूण एक फुंकून धुवून. जुळलेल्या इंजिनवर वाळू मारून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका, एक कण बेअरिंगमध्ये गेला तरी पुरे.

टायमिंग कव्हरचं लॅकर पेंट रिमूव्हरने काढतोय. सपाट भाग झाला, स्क्रूंच्या खाचा राहिल्यात. त्या झाल्या की त्यालाही वॅक्स.